आसरांचा हप्ता

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विमा कंपनीचं पाकीट आलं. एरवी ही पाकिटं मी उघडत नाही. नवरा उघडतो, आकडा वाचून एक सुस्कारा टाकतो आणि फाइलला लावतो. या वेळी पाकीट जाड होतं. आत पुढच्या वर्षाच्या हप्त्याचा कागद, त्याच्यामागे पानभर सूचना आणि शेवटी आमच्या घराचा रंगीत फोटो. वरून काढलेला. आमचं विटकरी छप्पर, त्यावरची एसीची पेटी, मागच्या अंगणातलं राजम्याच्या दाण्यासारखं निळं तळं, पाण्यावर एका कोपऱ्यात साचलेली पालोव्हर्देच्या झाडाची पिवळी फुलं. आणि तळ्याच्या काठाने पांढऱ्या कापडाची एक लांब पट्टी, तिच्यावर ओळीने ठिपके. त्या पट्टीभोवती कंपनीतल्या कुणीतरी, किंवा कशानेतरी, लाल चौकोन आखला होता. खाली लिहिलं होतं: आवारात कचरा अथवा टाकाऊ सामान, तीस दिवसांत हटवून फोटो पाठवावा.

कचरा म्हणजे आईच्या कुरडया.

आई फेब्रुवारीत आली, सहा महिन्यांसाठी. ॲरिझोनाचं ऊन पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यांत भरलं. "एवढं ऊन, आणि तुम्ही पडदे लावून बसता?" मार्च सरता सरता तिने गहू भिजत घातले. तीन दिवस घरात तो आंबूस वास फिरत होता आणि माझा मुलगा नाकाला टीशर्ट लावून हिंडत होता. चीक शिजवायचा तो गॅरेजमध्ये, बाहेरच्या गॅसवर, म्हणजे घरातला धुराचा भोंगा ओरडणार नाही. मग गरम पातेलं आणि सोऱ्या घेऊन घराच्या बाजूच्या बोळातून, फाटकातून, मागच्या अंगणात. तिथे तिच्या सासूचं जुनं सुती लुगडं अंथरलेलं, चारी कोपऱ्यांवर दगड. सकाळी नऊला घातलेली कुरडई दुपारी तीनला खडखडीत वाजायची. गावाकडे दोन दिवस लागतात, असं ती फोनवर मावशीला सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात एखाद्याने अमेरिकेत नाव काढल्याचा अभिमान होता. याच्या पुढे कधीतरी वरून विमान गेलं असणार. गेल्या काही वर्षांत इथल्या विमा कंपन्या असे वरून काढलेले फोटो विकत घेतात. कुणी न सांगता तळं बांधलंय का, ट्रॅम्पोलीन आणलंय का, छपराची कौलं सरकलीत का, सगळं घरी न येता कळतं. फोटोत आईसुद्धा आहे. लुगड्याच्या टोकाला एक करडा ठिपका आणि त्याच्यातून निघालेली लांबलचक सावली. तिला मात्र चौकोन नव्हता.

"पापडांना कचरा म्हणणारे हे कोण?" आई म्हणाली. कुरडया म्हणायचं तिला रागात सुचलं नाही.

मी हसले. नवरा हसला. संध्याकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो टाकायचा ठरलं, कारण असा विनोद वाया घालवणं बरं नव्हे. टाकायच्या आधी मी तो मोबाइलवर मोठा करून बघत होते आणि माझी बोटं उजव्या बाजूला थांबली. घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये आमचं फाटक आहे. फोटोत ते सताड उघडं होतं. त्याला टेकून एक गोल गडद ठिपका होता, आणि तो कसला हे सांगायला मला कुठल्या कंपनीची गरज नव्हती. ती तुळशीची कुंडी होती.

कंपनीला ते दिसलं नव्हतं. किंवा दिसून कळलं नव्हतं. मी फोटो ग्रुपवर टाकला नाही.

हे फाटक साधं नाही. तळं असलेल्या घराला ॲरिझोनात कायदा आहे. तळ्याभोवती किमान पाच फुटांची भिंत किंवा कुंपण हवं, त्यातून चार इंचांचा चेंडू आरपार जाता कामा नये. फाटक तळ्यापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, आपोआप मिटणारं हवं, आपोआप कडी लागणारं हवं, आणि ती कडी जमिनीपासून किमान ५४ इंचांवर हवी. चार इंच, ५४ इंच, हे आकडे वाचले की एक मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. त्याचं डोकं केवढं, त्याचा हात कुठवर पोचतो. कायदा लिहिणाऱ्यांनी त्याला मोजूनच घेतलंय. या देशात एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे, आणि फिनिक्सच्या आसपास तर घराघरामागे पाणी. आमच्या फाटकाला जाड स्प्रिंग आहे. सोडलं की ते मागून येतं आणि खट् करून बसतं. हातात गरम पातेलं असलेल्या बाहत्तर वर्षांच्या बाईच्या पाठीतही ते तसंच बसतं. दोनदा बसल्यावर आईने तुळस आणून अडवली.

घर घेतलं २०१६ मध्ये. तळं आम्हाला हवं होतं असं नाही, ते घराबरोबर आलं, जसं काही घरांबरोबर कुत्र्यांचा वास येतो. १९८८ चं बांधकाम. आधीच्या मालकाने खोल बाजूला उडी मारायची फळीही लावलेली. विम्यासाठी पहिल्यांदा फोन केला तेव्हा एजंटने पहिला प्रश्न विचारला तो फळीचा. खोल्या किती, छप्पर कधीचं, हे सगळं नंतर. फळी असेल तर कंपनी पॉलिसीच देणार नाही म्हणाली. घरगुती तळी उडी मारण्याइतकी खोल नसतात, मान मोडते, आणि मग घरमालकावर दावा. घसरगुंडी असेल तरी तेच. नवऱ्याने एका शनिवारी फळी काढली. काँक्रीटमध्ये चार बोल्ट राहिले, ते कापून सपाट केले, आणि दर पावसाळ्यानंतर तिथे गंजाचे चार डाग उमटतात. आई रोज सकाळी त्या चार डागांवर रांगोळीची चार गोपद्मं काढते. चातुर्मासाला अवकाश आहे हे तिला मी सांगून पाहिलं.

आईचा जन्म माण तालुक्यातला, दहिवडीच्या बाजूचा. माहेरी पाणी पाहिलं ते हंड्यात. लग्न होऊन वाईच्या बाजूला, कृष्णेच्या खोऱ्यात आली तेव्हा महिनाभर तिला वाटायचं, हे लोक पाणी सांडतात तरी किती. आमचं तळं पहिल्यांदा बघून तिने विचारलं, "हे पितात का?" नाही म्हटल्यावर, "मग जनावरांना?" साधारण ५७ हजार लिटर. हिशेब करून सांगितलं, पाच टँकर. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. उन्हाळ्यात त्यातलं पाव इंच पाणी रोज हवेत जातं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दर गुरुवारी तळं साफ करायला माणूस येतो, त्याला सगळे पूल गाय म्हणतात. आई दोन आठवडे गाय कधी येणार म्हणून वाट बघत होती. आता तीही त्याला गायच म्हणते, आणि जाताना एक कुरडई तळून देते.

तर हप्ता. मागच्या वर्षी घराच्या विम्याचे १,९१२ डॉलर होते, या वर्षी २,३८८. मी एजंटला फोन लावला, कचऱ्याचा खुलासा करायला आणि जमलं तर भांडायला. पूलचे किती लावलेत ते वेगळं सांगा म्हटलं. ती म्हणाली, वेगळं काढता येत नाही. तळ्याच्या नावाची ओळ बिलात नसते. तळं म्हणजे सिमेंट, टाइल, पंप, ते सगळं "इतर बांधकामं" या खात्यात जातं, कंपाउंडची भिंत आणि अवजारांची खोली यांच्याबरोबर. घराच्या रकमेच्या दहा टक्के. आमच्याकडे ते ४२ हजार होतात. उद्या तळं मुळातून नवं बांधायची वेळ आली तर त्या पैशात ते होईल याची खात्री तिने दिली नाही, आणि वयाने तडा गेला तर एक पैसाही नाही, हे मात्र खात्रीने सांगितलं. म्हणजे तळ्याचा विमा हा तळ्याचा नसतोच. तो आहे दायित्वाचा. आपल्या आवारात कुणाला काही झालं तर. घराच्या पॉलिसीत मुळात एक लाख डॉलरचं दायित्व होतं, ते पूलवाल्यांनी तीन नाहीतर पाच लाखांवर न्यावं. आम्ही पाच केलं, वर्षाला ४१ डॉलर जास्त. त्याच्यावर दहा लाखांची अंब्रेला पॉलिसी, ३२६ डॉलर. खालची भिंत तीन लाखांची तरी असल्याशिवाय वरती छत्री धरत नाहीत.

आई शेजारी लसूण सोलत ऐकत होती. स्पीकरवर एक शब्द तिला कळला. "छत्री कशाला घेतलीस? इथं पाऊस कुठं पडतो?"

मी तिला समजावायला गेले. समज, पलीकडच्या घरातलं पोर आपल्या भिंतीवरून चढून आलं आणि पाण्यात पडलं. तर? "तर काय, आपण काढू." आपण घरात नसलो तर? ती लसणाकडे बघत म्हणाली, "त्याच्या आईनं बघायला नको?" इथला कायदा म्हणतो, फक्त तिनंच नाही. पोर न विचारता आलं, चोरून आलं, तरी पाणी तुमचं. पोराला पाण्याची ओढ असतेच, तुम्हाला ते माहीत होतं, मग तुम्ही काय केलंत ते सांगा. एजंटने त्याला वापरलेले दोन इंग्रजी शब्द, "अट्रॅक्टिव्ह न्यूसन्स", मी कितीतरी वेळ मराठीत आणायचा प्रयत्न करत होते. लोभस उपद्रव. भुरळ घालणारी पीडा. काहीच नीट बसेना.

आईने एका वाक्यात केलं. "म्हणजे आसरा."

गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. आमच्या मळ्यातल्या विहिरीला उतरायच्या पायऱ्यांजवळ एक कपार होती, तिच्यात शेंदूर फासलेले सात गोटे आणि जरा बाजूला एक आठवा, तो म्हसोबा, राखणदार. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्यांचे तुकडे, फणी, करंडा, कधीचा तरी सुकलेला लिंबू. विहिरीवर बाभळीच्या फांदीला सुगरणींची घरटी लोंबत असायची, पाण्याकडे तोंड करून, आणि आतल्या दगडांत पारवे घुमायचे. मी पोहायला शिकले ती त्याच विहिरीत. काकाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला आणि काही न सांगता ढकलून दिलं. खाली जाताना कानात जो गडद आवाज भरला तो अजून आहे, आणि डोळे उघडले तर सगळं हिरवं. बाहेर आल्यावर आजीने आधी काकाला शिव्या घातल्या, मग माझ्या अंगावरून भाकरीचा तुकडा ओवाळून पाण्यात टाकला. दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला विहिरीवर जायचं नाही. आसरा ओढतात. त्यांना लहान पोरं फार आवडतात, असं आजी म्हणायची. मला त्यातलं भय कळायचं, पण त्या बायका वाईट आहेत असं तेव्हाही कधी वाटलं नाही. पोरं आवडतात म्हणून बोलावतात, एवढंच.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी या कायद्याचं मूळ शोधत बसले. ते पाण्यात नाही, रेल्वेत सापडलं. नेब्रास्कातलं ब्लेअर नावाचं गाव, १८६९. स्टेशनाजवळ टर्नटेबल होतं, एंजिनाचं तोंड वळवायचा गोल फिरता सांगाडा. कुलूप नाही, पहारा नाही. पोरं त्याच्यावर गरागरा फिरायची. सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय त्यात चिरडला. कंपनी म्हणाली, जागा आमची, पोर विनापरवाना घुसलं. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७३ मध्ये निकाल लागला तो पोराच्या बाजूने, साडेसात हजार डॉलर. दोन वर्षांनी मिनेसोटात पुन्हा टर्नटेबल, पुन्हा पोराचा पाय, आणि तिथून या तत्त्वाला आजचं नाव चिकटलं. पण मला जागं ठेवलं ते आणखी पुढच्या एका खटल्याने. कॅन्ससमधल्या आयोला गावाजवळ गंधकाम्लाचा एक कारखाना बंद पडला. इमारत पाडली, तळघर राहिलं, त्यात पाणी साठलं. वरून नितळ, आत विष. १९१६ च्या जुलैत दोन भाऊ, आठ आणि अकरा वर्षांचे, उन्हाने कावून त्यात उतरले. दोघेही गेले. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. ते पाणी मुलांना रस्त्यावरून दिसत होतं हे सिद्ध झालेलं नाही, मग पाण्याने त्यांना बोलावलं असं कसं म्हणायचं? ती आत शिरली तेव्हा त्यांना पाणी ठाऊकच नव्हतं. तर्क म्हणून बिनतोड आहे. मी लॅपटॉप मिटला आणि पाणी प्यायला उठले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं तळं दिसलं, दिवा लावलेला, निळंशार, हलतंय न हलतंय असं. रस्त्यावरून नाही दिसत. सहा फुटी भिंत आहे. पण उन्हाळ्यात पोरांच्या उड्यांचा आवाज तीन घरं ऐकू जातो.

सकाळी आईला फोटोतलं फाटक दाखवलं. दाखवू नये असं रात्री ठरवलं होतं.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तुळशीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, ती म्हणेल पाठीत लागतं, म्हणेल पाच मिनिटं तर उघडं होतं. ती म्हणाली, "आपल्या विहिरीला झापा होता, तुला आठवतो का?" मला आठवत होता. विहिरीभोवती बोराटीची काटी लावलेली आणि आत जायला बांबूचा, काट्या बांधलेला झापा, उचलून बाजूला ठेवायचा आणि येताना परत लावायचा. "तू व्हायच्या आधी दोन वर्षं. भांगलायला एक बाई यायची, तिचं चार वर्षांचं पोर बांधावर खेळत असायचं. त्या दिवशी धुणं घेऊन विहिरीवर मी आले होते. ओलं धुणं, दोन्ही काखांत." ती थांबली. मी काही विचारलं नाही. "झापा लावला का नाही, ते मला आठवत नाही. पन्नास वर्षं झाली, आठवत नाही."

सगळे म्हणाले, आसरांनी ओढलं. आजीने सात खण दिले, सात नारळ. कुणी झाप्याचं विचारलं नाही, विहीर कुणाची हे विचारलं नाही, आणि पोलीस पाटलाने पंचनाम्यात काय लिहिलं ते बायकांपर्यंत आलं नाही. पुढच्या शाळूच्या सुगीला मामंजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एक पोतं जोंधळे बैलगाडीत घातले आणि आईला सांगितलं, तू जाऊन देऊन ये. का, ते बोलले नाहीत. तूच जा एवढं म्हणाले. आईने नेलं. त्या बाईने पोतं घेतलं, जोंधळे कणगीत ओतले आणि चार दिवसांनी पोतं परत आणून दिलं. आजोबा होते तोवर दर वर्षी. आईच्या आठवणीत त्या बाईने यावर कधी एक शब्द काढला नाही.

पोतं मला आठवतंय.

मला ती बाई म्हातारी झालेलीच आठवते. शाळूची काढणी झाली की एका सकाळी पडवीत यायची, पायरीवर बसायची, आणि शेजारी रिकामं पोतं ठेवायची. पोत्याला कोण घडी घालतं? ते आपण चुरगाळून कोपऱ्यात फेकतो. हिचं पोतं धुतलेलं असायचं आणि चौकोनी घडी घातलेली, कडेला कड लावून, पातळाला घालतात तशी. आई आतून चहा आणायची, दोघी बोलायच्या ते पावसाचं, भावांचं, कुणाच्या बाळंतपणाचं. मी त्या घडीवर बसायला जायचे आणि आई मला दंडाला धरून उठवायची. इतक्या जोरात की मला राग यायचा.

कंपनीला उत्तर लिहायचं होतं. मी लिहिलं की फोटोतली वस्तू गव्हापासून केलेला खाद्यपदार्थ आहे, ती वाळवण्यासाठी तात्पुरती मांडलेली होती, आता हटवली आहे. सोबत रिकाम्या काठाचा फोटो जोडला. फोटो काढताना फाटक चौकटीत येणार नाही याची काळजी घेतली, आणि मग स्वतःचाच राग येऊन दुसरा काढला, फाटक बंद असलेला, कडी दिसणारा. त्यात खोटं काही नव्हतं. सगळं खरंही नव्हतं. पॉलिसीचे कागद मी यानिमित्ताने प्रथमच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, सेहेचाळीस पानं. त्यात दायित्वाच्या पाच लाखांखाली एक छोटी ओळ आहे, पाच हजार डॉलरची. आवारात परक्या कुणाला इजा झाली तर त्याच्या औषधोपचाराचा खर्च, दोष कुणाचा हे न विचारता. मी ती आईला मराठीत वाचून दाखवली. तिने "पाच हजार" एवढंच परत म्हटलं आणि किती जोंधळे होतील असं काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मला हप्त्याचा राग येत होता, तो अजूनही येतो. ४१ अधिक ३२६ म्हणजे ३६७. घराच्या हप्त्यातली बाकीची वाढ तळ्याची आहे की गारपिटीची की जंगलांना लागणाऱ्या आगींची, ते एजंटलाही सांगता आलं नाही. पण हे ३६७ कशाचे ते मला कळतं. जे पोर आलेलं नाही त्याचे हे पैसे. दिवसाला एक डॉलर आणि वर सुटे. नऊ वर्षांत ते एकदाही आलेलं नाही, त्याचं नाव मला माहीत नाही, रंग माहीत नाही, उंची तेवढी माहीत आहे. गावात हे पैसे नव्हते, तिथे डोळे होते. विहिरीकडे पोर गेलं की चार शेतांतून चार बायका ओरडायच्या. असं मी इथल्या मैत्रिणींना कितीदा सांगितलंय, किती रंगवून. त्या दिवशीही चार शेतांत चार बायका असतीलच ना. आणि आसरांनी ओढलं म्हटल्यावर जिला खरंच आसरा मिळाला ती माझी आई होती, तिशीसुद्धा न गाठलेली, ओलं धुणं दोरीवर टाकत असलेली. तिला कुणी कोर्टात उभं केलं असतं तर मी कुठे असते, कशी असते, हे मला सांगता येत नाही. त्या बाईच्या जागी मी असते तर मला एक पोतं जोंधळे पुरले असते का, हेही.

आईने तुळस हलवली. फाटकापासून दूर, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिला सकाळचं ऊन मिळतं. वाळवण आता मागच्या दारातून नेते, स्वयंपाकघरातून, माझ्या गालिच्यावरून, आणि चिकाचे थेंब पुसते. गोपद्मांच्या शेजारी तिने हळदी-कुंकवाची सात बोटं ओढली आहेत, तळ्याच्या काठावरच्या टाइलवर. गुरुवारी पूल गाय येतो तो ती न पुसता बाजूने ब्रश फिरवतो. रात्री झोपायच्या आधी ती चपला घालून बाहेर जाते. मला आतून फाटकाचा आवाज येतो, खट्, आणि मग थोडं थांबून आणखी एकदा, खट्. नवरा म्हणतो, स्प्रिंग खराब होईल. मी त्याला काही सांगितलेलं नाही.

पलीकडच्या घरात एक पोरगा आहे, पाच संपून सहावं लागलेला. त्याची आजी त्याच्याशी स्पॅनिश बोलते, आई इंग्रजी, आणि माझी आई त्याला बंड्या म्हणते. कुरडई तळल्याचा वास भिंतीपलीकडे गेला की तो येतो. परवा मी ओट्यापाशी होते आणि खिडकीतून फाटक दिसत होतं. फाटकाच्या वरच्या कडेवर आधी चार बोटं आली. मग ती आतल्या बाजूने कडी शोधत खाली सरकली, ताणली गेली, पांढरी पडली. कडीपासून दोन बोटं वर अडकली. मी हातातला झारा तसाच धरून उभी राहिले, तेल कढईत वाजत होतं. बोटं गेली. पुन्हा आली, या वेळी उडी मारून, आणि कडीला नुसती शिवून खाली गेली. मग फाटकाच्या पलीकडून हाक आली, "आजीऽ!"

आई पदराला हात पुशीत गेली. फाटक उघडलं, त्याचं मनगट धरून त्याला आत घेतलं. मागे फाटक आपलं आपण मिटलं, खट् वाजलं. दोन पावलं पुढे आल्यावर ती वळली, मनगट न सोडता परत गेली, आणि दुसऱ्या हाताने कडी एकदा ओढून पाहिली.